पंधरा शेरांची फळी

मला कापड फाडायचा पगार मिळत असे. हे ऐकलं की माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे नेमकं काय हो?" म्हणजे नेमकं तेच. मुंबईतल्या एका कापडगिरणीच्या तपासणी खोलीत मी होते. कापडाची पट्टी यंत्राच्या दोन जबड्यांत धरायची, चाक फिरवायचं, काटा चढत जायचा, चढत जायचा, आणि फट्! पट्टी तुटली की काटा जिथे थांबला तो आकडा वहीत लिहायचा. मग दुसरी पट्टी. दिवसभर हेच. इंटर सायन्स झालेल्या मुलीला याहून बरं काम मिळालं नाही का, असं मामी महिन्यातून एकदा तरी म्हणायची; मी मामांकडेच राहत होते. पण मला ते काम फार आवडायचं. घरात काही तोडलं की बोलणी बसतात, इथे न तोडलं तर बसायची!

माझा राग नाकावर असतो हेही आधीच सांगून टाकते. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

पासष्टच्या आसपासची गोष्ट. एका सकाळी गावाहून पत्र आलं. आईला लिहिता येत नसे, ती शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घ्यायची, त्यामुळे तिच्या पत्रांत नेहमी 'वि. वि.' आणि 'कळावे' असायचं आणि मधे कुठेतरी खरी आई सापडायची. त्या पत्रात ती शेवटच्या दोन ओळींत सापडली. "तुझ्या बाबांचा उजवा खांदा गेला आहे. फळी उचलताना ओठ चावतात आणि मला सांगतात की दात दुखतो."

माझे बाबा तरीवाले होते, म्हणजे माणसांना खाडीपार नेणारी होडी, तिला आमच्याकडे 'तर' म्हणतात, ती चालवायचे. आमचं गाव खाडीच्या या बाजूला, समोर देवबाग. मालवणला बाजाराला, कचेरीत, दवाखान्यात कुठेही जायचं तर आधी खाडी ओलांडायची, आणि खाडी ओलांडायची म्हणजे बाबांच्या होडीतून. आमच्या काठाला गुडघाभर चिखल. होडी पार काठाला लागत नाही, म्हणून होडीच्या काठापासून कोरड्या जमिनीपर्यंत एक लांब फळी टाकावी लागते. दहा फूट लांब, फूटभर रुंद, दोन बोटांहून जाड, फणसाच्या लाकडाची. पाणी पिऊन पिऊन ती मणभर झाली होती. दर खेपेला बाबा ती उचलणार, टाकणार, माणसं उतरणार-चढणार, मग परत ओढून होडीत घेणार. दिवसाला पंधरा-वीस खेपा. चाळीस वर्षं.

आणि त्यांचा हट्ट ऐका. "वल्हा कोण पण मारीत. माणसाक सुक्या पायान उतरवना, ह्या तरीवाल्याचा काम." एवढ्यावर थांबले नव्हते. भर पारावर सांगून बसले होते, "ज्या दिवशी माज्या तरीर दुसऱ्यान फळी टाकली, त्या दिवसापासून मी घराक बसलंय." एकदा बोलले की बोलले. माझा राग कुठून आला ते आता कळलं असेल.

मामा म्हणाले, मग इकडे आणू या त्यांना. मी डोळ्यांसमोर आणून बघितलं. आमच्या बिऱ्हाडातली ती एक खोली, ट्रंक आणि दार यांच्या मधल्या जागेत पाय आखडून बसलेले बाबा, आणि दिवसभर समोरच्या भिंतीकडे बघणं. म्हटलं, हे होऊ द्यायचं नाही. पण करायचं काय? फळी पातळ केली तर ती लवून चिखलाला टेकेल. हलक्या लाकडाची केली तर मोडेल. महिनाभर मी याच विचारात कापडं फाडत होते.

अशात एक दिवस साहेबांनी माझ्या टेबलावर एक पांढरं चकचकीत कापड आणून टाकलं. "हे काचेचं कापड आहे. विणलेली काच. फाडून दाखव."

मी नेहमीसारखी पट्टी लावली. चाक फिरवलं. मांजरपाट तुटतो तो आकडा गेला. तंबूचं कापड तुटतं तो आकडा गेला. काटा आपला चढतोय, चढतोय! मी यंत्रावर ओरडले, "तूट ना रे मेल्या!" सगळी खोली हसायला लागली. शेवटी केव्हातरी ती तुटली, बंदुकीसारखा आवाज करून, आणि मी तो आकडा तीनदा पुसून तीनदा लिहिला, कारण माझाच विश्वास बसेना.

त्या रात्री झोप कुठली! पण दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, कापड कितीही ताकदवान असलं तरी शेवटी कापडच. ओढायला वाघ, पण त्याच्यावर उभं कोण राहणार?

गिरणीच्या मागच्या गल्लीत एक कारागीर याच काचेच्या कापडापासून टाक्या बनवायचा. कापड राळेत भिजवायचा. झाडाची राळ नव्हे, कारखान्यात बनलेली, मधासारखी दाट, नाकात झोंबणारी. तिच्यात थेंबथेंब औषध घातलं की ती तापते आणि दगडासारखी घट्ट होते. जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले आणि सरळ विचारलं, मणाची फळी हलकी करता येईल का? त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग कोपऱ्यातून एक तुकडा काढला आणि दोन विटांवर ठेवला.

"उभ्या राहा ताई."

मी उभी राहिले. काही झालं नाही.

"उडी मारा."

मारली! तुकडा किंचित लवला आणि परत सरळ. उचलून बघते तर रिकाम्या सुपाएवढं वजन. बाजूने बघितलं तेव्हा समजलं. वर राळेत घट्ट झालेल्या कापडाचा पातळ पापुद्रा, खाली तसाच पापुद्रा, आणि मधे कुठलंतरी भुसभुशीत हलकं लाकूड.

"तुम्ही उभं राहता तेव्हा वरचा थर दाबला जातो, खालचा ताणला जातो," तो म्हणाला. "मधल्याला फारसं काम नाही. त्यानं दोघांना लांब ठेवायचं आणि घट्ट धरून ठेवायचं. जितके लांब तितकी फळी ताठ. पण धरलेला हात सुटला की खेळ खलास, बरं का. मग कापड कितीही भारी असू दे."

मी ऐकलं असं मला वाटलं. खरं म्हणजे माझं डोकं तोवर गावाला पोचलं होतं. हलकं, भुसभुशीत लाकूड! "पांगारा!" मी एवढ्या जोरात ओरडले की त्याच्या हातातला ब्रश पडला. आमच्याकडे कुंपणाला पांगारा असतो, लाल फुलांचा. त्याचं वाळलेलं लाकूड इतकं हलकं की जाळ्यांना तरंगते ठेवणारे बोये त्याचेच करतात. मला तर नाचावंसं वाटत होतं. थोडी नाचलेही असेन.

काचेच्या कापडाच्या ताग्याचा उरलेला शेवट साहेबांनी मला देऊन टाकला. कारागिराने राळेचे दोन डबे भरून दिले आणि औषधाची बाटली. एक डबा फळीला पुरेल, दुसरा चुकलात तर, असं म्हणाला. मी म्हटलं, मी चुकत नाही. त्याने दुसऱ्या डब्याचं झाकण आणखी घट्ट ठोकलं.

मे महिन्यात रजा काढून आगबोटीने निघाले. डबे गोधडीत गुंडाळले होते, तरी वास सुटलाच. डेकवर शेजारी बसलेली बाई दोन तास नाक धरून होती. शेवटी म्हणाली, "काय गो, मयत न्हेतस काय डब्यात?" मी तिला काचेच्या कापडापासून पांगाऱ्यापर्यंत सगळं समजावून सांगितलं. ती उठून दुसरीकडे जाऊन बसली.

देवबागहून घरी जायला बाबांच्याच होडीत बसले. आमच्या काठाला आल्यावर बाबा फळी उचलायला वाकले आणि वाकता वाकता त्यांनी माझ्याकडे पाठ केली. चेहरा दिसू नये म्हणून. मला रडू आलं. आणि रडू आलं की मला राग येतो.

"बाबानू, दात दुखता काय तुमचो?" मी विचारलं.

"व्हय," बाबा फळीकडे बघत म्हणाले. "दाढ."

दुसऱ्याच दिवशी मी मेस्ताकडे गेले. आमच्याकडे सुताराला मेस्त म्हणतात. गावातल्या होड्या, फळ्या, दारं, पाट, सगळं या मेस्ताच्या हातचं. बाबांचा तो लहानपणापासूनचा दोस्त. पांगाऱ्याची फळी करायची आहे म्हटल्यावर तो एवढा हसला की त्याला ठसका लागला.

"पांगाऱ्याची फळी? चेडवा, मुंबयचा पानी लागला काय गो तुका? त्येच्यार कावळो बसलो तरी मोडात!"

"मेस्तानू, तुमी खाली लाकूड कापून द्या. मोडली तर तुमच्या पायार डोक्या ठेवतंय."

"आणि नाय मोडली तर?"

"तर तुमी तिच्यार नाचायचा. भर लोकांत."

पैज लागली! मेस्ताने बोयांसाठी वाळवून ठेवलेला पांगारा काढला, त्याच्या पट्ट्या रंधून एकमेकींना अशा बसवल्या की सांधा हाताला लागू नये. संध्याकाळी त्या पडवीत आणून ठेवल्या. मी घरात जाहीर केलं, "उद्या सकाळपर्यंत ह्येंका कोणी हात लावूचो नाय." तपासणी खोलीत असंच बोलायची सवय होती. का लावायचा नाही, ते सांगायची सवय नव्हती.

सकाळी राळ कालवायला घेतली आणि पहिली फजिती झाली. मुंबईत ती अर्धा तास पातळ राहायची. इथे मे महिन्याचं ऊन! पहिलाच वाडगा दहा मिनिटांत तापला, धूर ओकायला लागला आणि त्यात ब्रश उभाच्या उभा घट्ट बसला. आई लांब उभी राहून देवाचं नाव घेत होती. मग मी थोडी थोडी राळ कालवून घाईघाईने काम केलं. खाली कापडाचे तीन पदर, वर तीन, कडांवरून गुंडाळून घेतलेले, पाणी आत जायला जागा नको म्हणून. पहिला डबा संपला. चार दिवसांनी फळी उन्हात अशी चकाकत होती की बघतच राहावं. आईने एक टोक एका हाताने उचललं आणि ती खुदकन हसली. "अगो, ही तर माज्या पाटापेक्षा हलकी!" मेस्ताने काट्याला लावली. मणाचे शेर चाळीस, ही पंधरा शेरसुद्धा भरली नाही. माझे हात आभाळाला लागले होते.

अंगणात दोन चिऱ्यांवर फळी ठेवली. निम्मा गाव जमला होता. मी एकेक तांदळाचं पोतं मधोमध ठेवायला सांगितलं. एक पोतं. फळी वायच लवली. दुसरं पोतं. थोडी आणखी. मेस्त बघतच राहिला. मी त्याला म्हटलं, "नाचूक तयार ऱ्हवा!" पोती उतरवली आणि तेवढ्यात बाबा पुढे आले. माझ्या लेकीची फळी, पहिला पाय माझा, असं म्हणाले आणि चढले.

मधोमध पोचले आणि टर्रर्र असा आवाज झाला. वरचा पापुद्रा पापडासारखा फुगून वर आला, आणि दुसऱ्याच क्षणी पांगारा कडाडून मोडला. बाबा खाली. उजव्या खांद्यावर.

मी धावले. ते ओठ चावून पडले होते. या वेळी दाढेचं नाव घेतलं नाही त्यांनी. आई मला म्हणाली, "झाला तुजा समाधान?" मेस्त बाबांना उठवायला वाकला. त्याने टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी बाबांचा हात वर होईना. तर बांधून ठेवली. पलीकडून माणसं "होऽऽ तरीवाल्याऽऽ" म्हणून हाका मारायची आणि परत जायची. ती हाक आली की बाबा माजघरातून उठून पडवीत यायचे आणि परत आत जायचे. गावातली चार माणसं येऊन बसली. म्हणाली, बरं वाटेपर्यंत दुसऱ्या कुणाला तरी ठेवू या. बाबा म्हणाले, ठेवा, मग ती तर त्याचीच. शेवटी ठरलं, येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत थांबायचं. त्या दिवशी तर सुटायलाच हवी, कुणीही सोडो. आठ दिवस होते. माझी रजाही त्याच दिवशी संपत होती.

मी अंगणात त्या मोडक्या फळीशेजारी बसून सगळ्यांवर चिडत होते. कारागिरावर, राळेवर, उन्हावर, काचेवर. मग मला तपासणी खोलीतली शिस्त आठवली. तुटलं की आधी तुटलेली जागा बघायची, मग बोलायचं. मी पापुद्रा हातात घेतला. कापड शाबूत! एक धागा तुटला नव्हता. आतली बाजू गुळगुळीत होती, काचेसारखी. लाकडाची एक किसळ तिला चिकटलेली नव्हती. म्हणजे राळेने लाकूड धरलंच नव्हतं. पोत्यांच्या भाराने सैल झालेला हात बाबांच्या पायाखाली सुटला होता. पण का? मी पांगाऱ्याचा तुकडा नाकाजवळ नेला.

तारल्यांचं तेल!

आमच्याकडे होडीला, वल्ह्याला, पाण्यात जाणाऱ्या कुठल्याही लाकडाला हे माशाचं तेल चोपडतात. वास असा की विसरेन म्हटलं तरी विसरता येत नाही; त्या सकाळी राळेच्या वासापुढे तो मला कळलाच नव्हता. मी तशीच पडवीत गेले. बाबा माझ्या हातातला तुकडा बघून समजले.

"तुमी तेल लावलास?"

"त्या रातीक," बाबा म्हणाले. "फडक्यान पुसलंय पण. तुका कळता नये म्हणान."

"कोणी सांगलेला तुमका?"

"सांगूक कित्याक व्हया? चाळीस वर्सां लाकूड पाण्यात घालतंय. कोरडा लाकूड मी कधी पाण्यात घालूक नाय. आणि ह्या तर माज्या चेडवाचा."

यावर कुठलीही शहाणी मुलगी गप्प बसली असती. मी ओरडले, "तुमच्या तेलानच तुमची तर बुडयली!"

असं बोलले मी. त्यांच्या तोंडावर, दुखऱ्या खांद्याने बसलेल्या माणसाला. आज इतकी वर्षं झाली, ते वाक्य आठवलं की अजून माझे कान तापतात.

बाबा उठले, आत गेले, तेलाची बाटली घेऊन आले आणि माझ्या हातात दिली. "ही घे. तुज्याकडे ठेव." मग हळूच म्हणाले, "हात लावू नको म्हणालंस, ता आयकलंय. हात लावलो तर काय होता, ता खंय सांगलंस?"

खरंच की! कारागिराने मला सांगितलं होतं आणि मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. माझा राग उतरला. मी बाबांसमोर बसले आणि म्हटलं, हात पुढे करा. त्यांचे दोन्ही तळवे एकमेकांवर घट्ट ठेवायला लावले. "आता हे बाजूला सरकवून बघा." कोरडे खरबरीत तळवे, सरकेनात. मग त्याच बाटलीतलं तेल त्यांच्या तळव्यांना लावलं. "आता?" सुळकन सरकले. बाबांनी ते दोनतीनदा करून बघितलं. मग त्यांचे डोळे असे चमकले!

"म्हंजे वरचो, खालचो आणि मधलो, ह्येंनी येकमेकांचो हात सोडूचो नाय. सोडलो की मेलो."

"व्हय."

"आणि माज्या तेलान तो सोडवलो." ते मोठ्याने हसायलाच लागले, खांदा धरून. "अगो, होडयेक तेल लावतत ता पानी आत जाव नये म्हणान. हय पानी नाय, राळच आत गेली नाय!" मला सहा महिन्यांत जमलं नसतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. मीही हसायला लागले, डोळे पुसत पुसत. आईला वाटलं, दोघांनाही लागलं डोक्याला.

मी धावत मेस्ताकडे गेले. त्याने ऐकून घेतलं, मोडकी फळी उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाला, "ता तेलाचा बरोबर. पण आणखी येक हा. हय बघ." फळीची टोकं चिऱ्यांवर टेकली होती तिथे खालचा पापुद्रा आत चेपला होता. "रोज होडयेचो काठ हयच घासतलो. मऊ लाकूड आसा, काठ तेका खाऊन टाकतलो." दोन्ही टोकांना वीतभर फणसाचं टणक लाकूड बसवायचं, मधे पांगारा, असं त्याने सुचवलं. मी त्याच्या पाया पडले. पैज हरले म्हणून नव्हे हां, हे त्याला बजावून सांगितलं. त्याच्याकडे बोयांसाठीचा शेवटचा पांगारा होता, तो त्याने काढला. "जाळा बुडाली तरी चलतीत," म्हणाला, "तुज्या बापाशीक घरात बसलेलो मी बघूचंय नाय."

आता एकच डबा उरला होता. एक वाडगा जरी धुरात गेला तरी संपलं. या वेळी उजाडता उजाडता कामाला बसलो, ऊन चढायच्या आत. बाबा समोर बसले होते. कोरडा पांगारा बघून त्यांची बोटं चुळबुळायची. एकदा हात पुढे आला आणि परत गेला. मग त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावरच बसले! आई राळ कालवायचा वाडगा थंड पाण्याच्या परातीत धरून बसली, ही तिचीच युक्ती. आणि शेवटचा थर ओला असताना तिने विचारलं, "गो, पाय घसारतलो नाय?" मी कपाळावर हात मारला. चिखलाच्या पायांनी या काचेवर कोण उभं राहणार होतं! तिने धुऊन वाळवलेली खाडीची वाळू आणली आणि रांगोळी घालावी तशी फळीभर भुरभुरवली. राळ वाळल्यावर फळी अशी खरखरीत झाली की टाच घासून घ्यावी.

चौथ्या दिवशी पोती चढवली. दोन. मग तीन. मग मेस्त स्वतः चढला आणि पैजेप्रमाणे नाचला, भर लोकांत, शिमग्यातल्यासारखा. फळी लवत होती आणि परत जागेवर येत होती, लवत होती आणि परत येत होती. मी कान लावून बसले होते. टर्र नाही, चिर्र नाही, काही नाही! माझा जीव भांड्यात पडला. बाबांना मात्र मी त्या दिवशी फळीवर पाय ठेवू दिला नाही.

बाजाराचा दिवस उजाडला. काठावर ही गर्दी. टोपल्या, पोरं, कोंबड्या, आंब्यांच्या करंड्या. माझी ट्रंकही त्यात. मला देवबागला उतरून मालवणला आगबोट गाठायची होती. बाबा होडीत उभे होते, उजवा हात छातीशी बांधलेला. वल्हं मारायला मेस्त बसला होता, त्याला बाबांची हरकत नव्हती. पण फळीजवळ ते कुणाला येऊ देईनात. बाबा वाकले, डाव्या हाताने फळी बगलेत घेतली, छत्री घ्यावी तशी, आणि टाकली. पलीकडचं टोक कोरड्या जमिनीवर पडलं, जिथे पडायला हवं तिथेच. ओठ चावले नाहीत. मी नीट बघत होते.

मग बाबांनी टोपी काढली आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ही माज्या चेडवान केलेली फळी. ह्या फळयेर जो कोण पाय ठेवीत, तेका सुक्या पायान पार कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽ!" सगळा काठ ओरडला.

आणि कुणी पुढे होईना. व्हय म्हाराजा म्हणायला सगळे, पाय ठेवायला कुणी नाही! पहिली फळी मोडताना निम्म्यांनी बघितली होती, उरलेल्यांनी त्याहून जास्त ऐकली होती. आंब्यांची करंडी डोक्यावर घेतलेली एक बाई म्हणाली, "आदी जेणा केल्यान तेणा जावंदे."

बरोबरच होतं तिचं. मी ट्रंक उचलली आणि चढले. एक पाऊल, दुसरं, तिसरं. मधोमध आले आणि फळी पायाखाली लवली. लवणार हे मला ठाऊक होतं. किती लवेल तेही ठाऊक होतं. तरी खाली चिखल, हातात ट्रंक, मागे सगळा गाव, आणि माझे पाय जे थांबले ते थांबलेच. आयुष्यभर दुसऱ्या वस्तू ताणून बघितल्या, स्वतःवर वेळ आली तेव्हा कळलं.

बाबांनी होडीतून डावा हात पुढे केला. मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "ये गो, भिया नको. तेल लावूक नाय मी."